नकारानंतर काय? : 'रॉटिंग क्राइस्ट'च्या निमित्ताने

बंडखोरीचे आपल्या समीक्षेला मोठे आकर्षण आहे. पहिल्या संग्रहातला नकार, पहिल्या कादंबरीतला संताप, पहिल्या अनियतकालिकाचा जाहीरनामा यांवर आपण भरभरून लिहितो. त्या नकाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. आणि विचारलाच तर 'तडजोड' या एका शब्दात उरकून टाकतो. नकार देणारा कलावंत पन्नाशी ओलांडतो तेव्हा त्याच्याजवळ नेमके काय उरलेले असते? हा प्रश्न मी येथे साहित्याबाहेरच्या, आपल्या वर्गांत आणि नियतकालिकांत क्वचितच चर्चेला येणाऱ्या एका उदाहरणावरून मांडू इच्छितो. उदाहरण आहे अथेन्सच्या 'रॉटिंग क्राइस्ट' या एक्स्ट्रीम मेटल बँडचे.

साकिस आणि थेमिस टोलिस या दोघा भावांनी १९८७ मध्ये हा बँड सुरू केला. साकिस गातात व गिटार वाजवतात, थेमिस ड्रम वाजवतात. आरंभी त्यांचे संगीत ग्राइंडकोअर या अतिवेगवान, तुटक प्रकारचे होते; थोड्याच वर्षांत ते ब्लॅक मेटलकडे वळले. १९९३ मध्ये 'थाय माइटी कॉन्ट्रॅक्ट' हा पहिला पूर्ण अल्बम आला आणि २०२४ मध्ये 'प्रो ख्रिस्तू' हा चौदावा. बाकीचे वादक आले-गेले. दोघे भाऊ राहिले.

'कुजणारा ख्रिस्त' हे नाव अर्थातच डिवचण्यासाठी घेतलेले आहे, आणि ते कोठे घेतले हे महत्त्वाचे आहे. ग्रीसच्या १९७५ च्या राज्यघटनेचा आरंभ पवित्र त्रयीच्या नावाने होतो, तिचे तिसरे कलम ऑर्थोडॉक्स पंथाला देशातील प्रधान धर्म म्हणते, आणि ईशनिंदेचा गुन्हा तेथील दंडसंहितेतून वगळला गेला तो २०१९ मध्ये. अशा देशात किशोरवयीन मुलांनी हे नाव धारण करणे आणि अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात धारण करणे या एकसारख्या कृती नव्हेत. नावाची किंमतही त्यांनी मोजली. २००५ मध्ये 'मेगाडेथ'चे डेव्ह मस्टेन यांनी त्यांच्यासोबत एका मंचावर वाजवण्यास नकार दिला. एप्रिल २०१८ मध्ये जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे कार्यक्रमासाठी पोहोचताच दोघा भावांना ताब्यात घेऊन काही तास कोठडीत ठेवण्यात आले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या नावात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. धाकट्या हान्स होल्बाइनने १५२१-२२ च्या सुमारास थडग्यातील मृत ख्रिस्ताचे चित्र रंगवले. त्यातल्या देहाला कुजण्याची कळा लागलेली आहे. ते चित्र दोस्तोयेव्हस्कीने १८६७ मध्ये बासेल येथे पाहिले आणि त्याची प्रत 'इडियट' या कादंबरीतल्या रोगोझिनच्या घरात टांगली. हे चित्र पाहून माणसाची श्रद्धा उडू शकेल, असे मिश्किन तेथे म्हणतो. म्हणजे ख्रिस्ताच्या कुजण्याचा विचार ख्रिस्ती कलेला परका नाही. पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा तर आधी त्या मृत देहाकडे पाहावे लागते, ही तिचीच अट आहे. अथेन्सच्या त्या मुलांना होल्बाइन ठाऊक होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. ईशनिंदेला शब्द पुरवतो तो धर्मच, एवढे यातून ध्यानात घ्यावे. ग्रीक साहित्यालाही हे नवे नाही. एमान्युइल रोइदिस यांच्या 'पोप जोआन' या १८६६ च्या कादंबरीचा तेथील धर्मसंस्थेने निषेध केला होता, आणि पुढच्या शतकात निकोस काझान्त्झाकिस यांनाही तिचा रोष पत्करावा लागला.

'रॉटिंग क्राइस्ट'चे आरंभीचे अल्बम ऐकताना त्यांची तुलना नॉर्वेशी करणे अपरिहार्य ठरते. त्याच काळात नॉर्वेतील ब्लॅक मेटलने जगाचे लक्ष वेधले ते चर्चना लावलेल्या आगींमुळे आणि १९९३ मध्ये एका वादकाने दुसऱ्याच्या केलेल्या खुनामुळे. ते संगीत थंड, खरखरीत, वरच्या पट्टीत घोंघावणारे होते. अथेन्सचे वळण वेगळे होते. 'रॉटिंग क्राइस्ट', 'व्हाराथ्रॉन', 'नेक्रोमान्तिया' यांच्या संगीतात वेग थोडा आवरलेला असतो. गिटारच्या तारा तळव्याने दाबून काढलेला ठाशीव, तुटक नाद आणि त्यावर जुन्या हेवी मेटलची आठवण देणारी स्वरावली ही त्याची खूण. 'नेक्रोमान्तिया'ने तर तालाची बाजू सांभाळणाऱ्या गिटारऐवजी दोन बास वापरले. परिणाम असा की हे संगीत काळोखे असूनही ऊबदार वाटते. विचारात मात्र अजून उसनेपणा होता. १९९४ च्या 'नॉन सर्वियाम' या अल्बमचे शीर्षक ख्रिस्ती परंपरेने सैतानाच्या तोंडी घातलेले आहे : मी चाकरी करणार नाही. जॉइसच्या स्टीफन डीडलसचा नकारही याच वाक्याचा वारसा सांगतो. पण हे वाक्य चर्चच्या लॅटिनमध्ये आहे आणि मालकाला उद्देशून आहे. मालकाचे अस्तित्व मान्य केल्याखेरीज ते उच्चारताच येत नाही.

पुढची काही वर्षे शोधाची होती. १९९७ चा 'अ डेड पोएम' आणि १९९९ चा 'स्लीप ऑफ द एंजल्स' या अल्बमांत ते गॉथिक धाटणीच्या मंद, उदास संगीताकडे झुकले. २००० च्या 'क्रोनोस'पासून पुन्हा कठोर झाले. यातली काही गाणी चांगली आहेत, पण तशी ती युरोपातल्या अन्य एखाद्या बँडलाही सुचली असती. खरे वळण २००७ च्या 'थिओगोनिया'पासून येते. शीर्षक हेसिअडचे. येथे ग्रीक भाषा, समूहघोष आणि मंत्रासारखी पुनरावृत्ती ही अंगे संगीताच्या केंद्राशी येतात. ज्या धर्माला नाकारले त्याच्या उपासनेचा घोष आणि त्या धर्माने ज्यांना नाकारले त्या देवांची नावे अशी दोन्ही सामग्री एकत्र येते, आणि या बँडला स्वतःचा आवाज सापडतो.

२०१० चा 'एआलो' हा माझ्या मते त्यांचा सर्वश्रेष्ठ अल्बम. विषय युद्ध आणि संहार. युद्ध हा मेटल संगीताचा जुनाच विषय, आणि बहुतेक वेळा त्यातला आवाज विजेत्याचा किंवा मरणाऱ्या योद्ध्याचा असतो. 'एआलो'चा आरंभ होतो बायकांच्या विलापाने. एपिरस हा ग्रीसच्या वायव्येचा डोंगराळ प्रदेश. तेथे बहुस्वरी गायनाची परंपरा आहे : एक-दोन आवाज गाणे चालवतात आणि बाकीचे एक आधारस्वर धरून ठेवतात. आपण तंबोऱ्याच्या षड्जाची आठवण ठेवून ते ऐकावे. फक्त हा षड्ज माणसांच्या गळ्यांतून येतो आणि किंचित थरथरतो. 'प्लेयाडेस' या स्त्रियांच्या गायनसमूहाचे असे आवाज या अल्बममध्ये गिटारच्या भिंतीवर आदळत राहतात. ते सजावटीसाठी नाहीत. पुरुषी गर्जनेला दिलेला तो प्रत्युत्तराचा स्वर आहे.

मार्गारेट अलेक्सिऊ यांनी ग्रीक परंपरेतील विलापविधीवरच्या १९७४ च्या ग्रंथात प्राचीन काळापासून आधुनिक खेड्यांपर्यंत चालत आलेले विलापाचे सातत्य दाखवले आहे. 'इलियड'चा शेवट आठवावा. ट्रॉय पडत नाही, अकिलीस मरत नाही. हेक्टरच्या देहापाशी आंद्रोमाखी, हेकुबा आणि हेलन या तीन स्त्रिया एकेक करून शोक करतात आणि महाकाव्य संपते. वीररसाच्या काव्यातला शेवटचा शब्द बायकांच्या रडण्याकडे देण्याचे शहाणपण होमरजवळ होते. 'एआलो'ने ते शहाणपण अडीच हजारांहून अधिक वर्षांनंतर एका अतिशय पुरुषी संगीतप्रकारात आणले, हे त्याचे श्रेय आहे.

अल्बमचा शेवट ग्रीक-अमेरिकन गायिका दियामान्दा गलास यांच्या 'ऑर्डर्स फ्रॉम द डेड' या रचनेने होतो, आणि ती त्यांच्याच आवाजात. मूळ रचना पहिल्या महायुद्धाच्या काळात व नंतर आशिया मायनरमध्ये मारल्या गेलेल्या आर्मेनियन, असिरियन आणि ग्रीक माणसांविषयीच्या त्यांच्या मोठ्या कृतीतली. १९२२ च्या सप्टेंबरात स्मिर्ना जळाले, १९२३ च्या लोझान करारानंतर लाखो माणसांची अदलाबदल झाली. आधुनिक ग्रीसच्या स्मृतीतली ही सर्वांत खोल जखम. ज्या बँडने मृत्यूला एके काळी निव्वळ भयचित्र म्हणून वापरले, त्याला येथे खरे मृत भेटतात. त्यांना पुरलेले नाही, त्यांची नावे घेणारे कोणी उरलेले नाही. नकाराची जागा शोकाने घेणे हीच या बँडची वाढ, असे मला वाटते. शोक करणाऱ्यालाही देवाशी भांडावेच लागते. पण आता त्या भांडणाला कारण मिळालेले असते.

२०१३ च्या अल्बमचे नाव 'काता तोन देमोना एआफ्तू'. पॅरिसमध्ये जिम मॉरिसनच्या थडग्यावर हेच शब्द कोरलेले आहेत : आपल्या आतल्या 'दाइमोन'ला अनुसरून. सॉक्रेटिस ज्या आतल्या आवाजाविषयी बोलतो तोच हा शब्द. ख्रिस्ती काळात त्याचा 'डीमन', म्हणजे दुष्ट पिशाच, झाला. एका शब्दाच्या अर्थांतरात एका संस्कृतीचा पराभव साठलेला आहे. 'नॉन सर्वियाम' आणि हे शीर्षक शेजारी ठेवले तर एकोणीस वर्षांचा प्रवास दिसतो. पहिले दुसऱ्याच्या भाषेत दुसऱ्याला दिलेले उत्तर, दुसरे स्वतःच्या भाषेत स्वतःला घातलेले बंधन.

याच अल्बममध्ये माया, इंका, मेसोपोटेमिया, इराण, स्लाव लोककथा, रुमानियन लोकगीत अशी सामग्री एकापाठोपाठ येते. ही पुराणकथांची यादी झाली, असा आक्षेप घेता येईल आणि तो पूर्णतः चुकीचा नाही. पण काळ पाहावा. २०१२ मध्ये आर्थिक संकटातल्या ग्रीसमध्ये 'गोल्डन डॉन' हा नवनाझी पक्ष संसदेत पोहोचला. एका वेगळ्या ग्रीक ब्लॅक मेटल बँडचा बासवादक त्याचा खासदार होता. २०२० मध्ये न्यायालयाने या पक्षाचे नेतृत्व गुन्हेगारी संघटना चालवत असल्याचा निर्वाळा दिला. प्राचीन वैभव, पूर्वजांचे रक्त, बाहेरचा धर्म ही भाषा या संगीतात सहज वंशवादाकडे घसरते. अशा वेळी पूर्वजांचे देव शोधायला निघालेल्या बँडने गिल्गमेशला आणि इंकांच्या क्वेचुआ भाषेला आपल्या घरात घेतले, याला मी निव्वळ संग्राहकवृत्ती म्हणणार नाही.

तीच वृत्ती २०१६ च्या 'रिच्युअल्स'मध्ये मात्र मला थकलेली वाटते. बोदलेअर, ब्लेक, अरमाइक, ग्रीक असे सारे येथे आहेत. आणि 'देवदेवं' हे संस्कृत गीतही, ज्यात सिंगापूरच्या 'रुद्र' बँडचे कथिर गातात. येथे मराठी श्रोत्याचा कान वेगळी साक्ष देऊ शकतो. 'देवदेव' हे संबोधन आपल्याला गीतेतून परिचित आहे. घरात, शाळेत, देवळात संस्कृत ऐकतच आपण वाढतो. त्यामुळे अथेन्सच्या श्रोत्याला ज्या ध्वनीत गूढ, अंधारा विधी ऐकू येतो, त्यात आपल्याला सकाळच्या स्तोत्राची ओळख लागते. ज्या भाषेशी भांडण नाही, जिच्यात आपले मृत नाहीत, ती भाषा कलावंताच्या हाती केवळ नाद होऊन राहते. एपिरसच्या बायकांचा आवाज आणि येथले संस्कृत यांत हा फरक आहे. ग्रीक धर्मघोषाला 'रॉटिंग क्राइस्ट' जाब विचारू शकतात, कारण तो त्यांच्या बालपणाचा आवाज आहे. संस्कृतला त्यांनी काय विचारावे? आपल्या शब्दांना जाब विचारणे हे आपले काम आहे, त्यांचे नव्हे.

'प्रो ख्रिस्तू', म्हणजे 'ख्रिस्तापूर्वी', हा २०२४ चा अल्बम ख्रिस्ती धर्माला विरोध करणाऱ्या अखेरच्या मूर्तिपूजक राजांना वाहिलेला आहे. सम्राट ज्युलियनवरचे 'द अपोस्टेट' हे गीत त्यात आहे. संगीत भव्य, सुरेल, मध्यम लयीचे. पण विचार मागे गेला आहे. याच ज्युलियनवर कवाफीने अनेक कविता लिहिल्या, आणि त्या वाचलेल्या माणसाला हा अल्बम ऐकताना अस्वस्थ व्हायला होते. कवाफीचा ज्युलियन वीर नाही. तो रुक्ष, उपदेशखोर आहे. १९२६ च्या कवितेतले अँटिओकचे लोक त्याला हसतात, कारण त्यांना आपली नाटके, आपली चैन हवी आहे आणि हा सम्राट प्राचीन देवांच्या नावाखाली त्यांना नवे सोवळे शिकवतो आहे. इतिहासही तेच सांगतो : ३६१ ते ३६३ या आपल्या अल्प राजवटीत ज्युलियनने जुन्या धर्माची जी पुनर्रचना योजली, ती पुरोहितांची उतरंड आणि दानधर्म यांबाबत चर्चचाच कित्ता गिरवणारी होती. नकार हळूहळू नाकारलेल्या गोष्टीसारखा दिसू लागतो, हे कवाफीने ओळखले होते. 'ख्रिस्तापूर्वी' असे म्हणणाराही कालगणना ख्रिस्तापासूनच करत असतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ रेषेत मिळत नाही. या बँडची वाढ झाली ती ते आपल्या भाषेकडे आणि आपल्या मृतांकडे वळले तेव्हा. ते पुन्हा शत्रूकडे पाहू लागले की संगीत मोठे आणि विचार लहान होतो. त्यांनी नाव बदलले नाही, याबद्दल त्यांना दोष देऊ नये. किशोरवयात दिलेला शब्द साठीपर्यंत वागवायचा तर त्याचा अर्थ दर दशकाला नव्याने कमवावा लागतो, आणि 'एआलो'त तो त्यांनी पुरेपूर कमावला आहे. 'इलियड'चे चोविसावे पर्व शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे : त्या तासाला या अल्बमचे पहिले गीत विद्यार्थ्यांना ऐकवावे. गोंगाटाची तक्रार होईल. ती संपल्यावर बायकांचे आवाज ऐकू येतात का, एवढेच विचारावे.