कॅश इन हँड म्हणजे परदेशातली खेडा खरेदी

मुकुटबनकडच्या माणसाला खेडा खरेदी समजावून सांगायला नको. व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो. काटा त्याचा, भाव त्याचा, पैसे रोख. सीसीआयच्या केंद्रावर 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव. पण तिथं ॲपवर नोंदणी, सातबारा, ओलाव्याची तपासणी. मग आपण रोखीला भुलतो आणि क्विंटलमागे मार खातो.

तोच धंदा ब्रिटनमध्ये आपल्या पोरांशी होतो. बापाचं वावर गहाण टाकून गेलेल्या पोराला कुणी 'आपला माणूस' भेटतो. म्हणतो, कॅश देतो, टॅक्स वाचेल.

किती वाचेल? पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास कामाची मुभा. एकविशी ओलांडलेल्याला एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं, तेच धरू. आठवड्याचे झाले 244.20. वर्षाचे बावन्न आठवडे न चुकता राबलं तरी 12,698. त्यातल्या 12,570 पौंडांवर आयकर शून्य, वरच्या 128 वर 20 टक्के. नॅशनल इन्शुरन्स आठवड्याला 18 पेन्सच्या आसपास. सगळं मिळून वर्षाला पस्तीसेक पौंड! आणि रोखीचा भाव समजा सहा पौंड असला, तर दर आठवड्याला 124 पौंड त्या 'आपल्या माणसाच्या' खिशात. टॅक्स वाचतो तो त्याचा.

पगार बुडवला तर तक्रार कुठं करणार? पगारपत्रक नाही, बँकेत नोंद नाही, वर तास जास्त भरले असतील तर व्हिसा जायची भीती. दुसऱ्याच्या नावाच्या अकाउंटवर डिलिव्हरी करणं तर सरळ बेकायदा. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालतच नाही. नियमानं काम केलं आणि चुकीच्या टॅक्स कोडमुळं जास्त कर कापला गेला, तर तो परत मागता येतो. रोखीत परत काय मागणार, ढेकळं?

वीस तासांत भागत नाही, हे खरं आहे. व्हिसासाठी लंडनचा महिन्याचा खर्चच जानेवारी 2025 पासून 1,483 पौंड धरला होता; वीस तासांची महिन्याची कमाई साधारण 1,058. फी वेगळीच. मग 'पार्टटाइममध्ये सगळं निघतं' असं सांगणाऱ्या एजंटला हे गणित सही करण्याआधी विचारा, बापाला शेजारी बसवून. आणि उत्तर कागदावर लिहून मागा.