पाहुणा, नारळ आणि हिशेबाची वही

दिवाळी आटोपली की आमच्या घरी लाल बांधणीची एक वही बाहेर येते. रवा, तूप, पणत्या, भाऊबीज, पोस्टमनची पोस्त, सारे तिच्यात रीतसर मांडलेले असते. पाहुण्यांचा रकाना सौभाग्यवती वेगळा ठेवतात. पाहुण्याला हिशेब दाखवायचा नसतो, हे त्यांना मान्य आहे. पण म्हणून घरच्या माणसांनीही तो पाहू नये, हे मुळीच मान्य नाही. या एका मुद्द्यावर देशाचे सरकार आणि आमच्या घरचे सरकार यांचे कधी जमलेले नाही.

2010 सालच्या दिवाळीत आमच्या मुंबईला असाच एक मोठा पाहुणा आला. 5 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा सपत्नीक येऊन उतरले. मुक्काम ताजमहाल हॉटेलात. दोनच वर्षांपूर्वी तिथे काय घडले होते, ते मुंबईकराला सांगायला नको. तिथेच उतरण्यात पाहुण्याचा मुद्दाम काही हेतू होता, आणि पहारा कडक असण्यालाही कारण होते. पाहुणे गावदेवीला मणिभवन पाहायला जाणार होते. म्हणून तिथल्या माडांवरचे नारळ आधीच उतरवून घेतले गेले. न जाणो, एखादा नेमका त्याच वेळी डोक्यात पडायचा!

या नारळांनी जगभरच्या वर्तमानपत्रांची करमणूक केली. आमची कोकणातली आजी म्हणे, नारळाला डोळे असतात, तो माणूस पाहून पडतो. पण ही साक्ष सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे नोंदवायची कोणी? आणि सौभाग्यवतींची शंका तर याहून व्यवहारी होती: ऐन दिवाळीत उतरवलेले ते नारळ गेले कोणाच्या घरी?

हसून झाल्यावर एक गोष्ट मात्र आठवते. मणिभवनात गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईला आले की उतरत. 1959 साली मार्टिन ल्यूथर किंग त्याच वास्तूत राहून गेले. दोघेही गोळीला बळी पडले, एक 1948 साली आणि दुसरे 1968 साली. तेव्हा पहारा नको, असे म्हणणारा माणूस आम्हाला तरी शहाणा वाटत नाही. पूर्वी सारे कसे मोकळे होते, असे म्हणणाऱ्या बुजुर्गांनाही एक आठवण द्यावी. 1955 साली बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह कलकत्त्याला आले, तेव्हा लोकांनी प्रेमाने इतकी गर्दी केली की पाहुण्यांना मोटारीतून काढून पोलिसांच्या गाडीतून न्यावे लागले!

तेव्हा तक्रार पहाऱ्याची नाही, वहीची आहे.

ओबामा यायच्या आधी एक आकडा उठला: या दौऱ्याचा खर्च रोजचा वीस कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे नऊशे कोटी रुपये! सोबत चौतीस युद्धनौका आणि तीन हजार माणसांचे वऱ्हाड. बातमी निघाली आपल्याकडूनच, महाराष्ट्र सरकारातल्या कोणा निनावी अधिकाऱ्याच्या तोंडून. ती थेट अमेरिकेत पोचली आणि तिथल्या विरोधी पक्षाच्या एका खासदार बाईंनी ती टेलिव्हिजनवरून ऐकवलीही. व्हाइट हाउसने आकडा खोटा म्हटला, लष्कराच्या प्रवक्त्याने युद्धनौकांची गोष्ट वेडगळ ठरवली. आणि ती होतीच वेडगळ. अफगाणिस्तानात अमेरिकेचे सबंध युद्ध चालले होते, त्याचा खर्च तेव्हा दिवसाला सुमारे एकोणीस कोटी डॉलर होता. मणिभवन पाहायला त्याहून जास्त लागावे?

पण ही अफवा पिकली कशामुळे? खरा आकडा कोणी सांगितलाच नाही म्हणून. ज्या घरात वही कुलपात असते, तिथल्या खर्चाची चर्चा नळावर होते.

वास्तविक अशा खर्चाची वाटणी ठरलेली असते. पाहुण्याच्या अंगाजवळचा पहारा, त्याची गोळी न शिरणारी मोटार, ती वाहून आणणारी अजस्र विमाने, हे सारे पाहुण्याच्या देशाचे. रस्ते, नाके, गच्च्या आणि गर्दी यजमानाची. त्यातही आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला आहे. म्हणजे आमंत्रण दिल्लीचे, पण चौकात उभ्या असलेल्या हवालदाराचा पगार राज्याच्या तिजोरीतून.

अमेरिकेची पद्धत पाहा. अध्यक्ष क्लिंटन 1998 साली आफ्रिका, चिली आणि चीनला जाऊन आले. दुसऱ्या वर्षी तिथल्या संसदेच्या हिशेब तपासनिसांनी खर्च छापून टाकला: आफ्रिकेतल्या सहा देशांचा निदान 4 कोटी 28 लाख डॉलर, चीनचा 1 कोटी 88 लाख, चिलीचा 1 कोटी 5 लाख. अंगरक्षकांचा खर्च तेवढा गुप्त म्हणून वगळला. म्हणजे गुप्त ठेवायचे ते ठेवूनही बाकीचे सांगता येते! किती शिपाई कुठल्या गच्चीवर होते, हे आम्हाला नको. दौरा संपल्यावर एकूण बेरीज सांगा, एवढेच.

आपल्याकडे बेरीज तर सोडाच, कधीकधी यजमान कोण याचाही पत्ता लागत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये अध्यक्ष ट्रम्प अहमदाबादला तीनेक तासांसाठी आले. त्यांच्या वाटेवरच्या झोपडवस्तीपुढे भिंत उभी राहिली. ही भिंत अतिक्रमण रोखण्यासाठी, असे सांगण्यात आले; मुहूर्त मात्र मोठा नामी साधला. आणि स्टेडियममधला समारंभ कोणाचा, असे विचारल्यावर परराष्ट्र खात्याने सांगितले की तो नागरिकांच्या एका अभिवादन समितीचा. त्या समितीचे नाव देशाने तोवर ऐकलेही नव्हते. आमच्याकडे लग्नात जेवणावळीचे पैसे द्यायची वेळ आली की वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यातलाच हा प्रकार.

2010 मध्ये आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक हवालदार राहत. त्या दिवाळीत त्यांची रजा रद्द झाली. बहीण ओवाळायला आली होती; तिने ताट दोनदा तयार केले आणि दोनदा झाकून ठेवले. पाहुणे दिल्लीला निघून गेल्यावर रात्री हवालदारसाहेब घरी आले, पाय सुजलेले, घोगरा आवाज. ओवाळणे रात्री साडेदहाला झाले. करंज्यांची बशी घेऊन आमच्या सौभाग्यवती गेल्या आणि त्यांनी कौतुकाने विचारले, "मग भावजी, दिसले का ओबामा?"

"कुठले हो वहिनी," ते करंजी मोडत म्हणाले, "आमचं तोंड गर्दीकडे असतं. मोटार पाठीमागून जाते."