एडनच्या डोंगरातली हद्द आणि मुंबईचे दफ्तर

वासुदेव बळवंत फडके यांचा अंत 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात झाला, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांना नेमके एडनलाच का नेले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. अरबस्तानच्या दक्षिण टोकावरचे ते बंदर तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत होते. 1839 पासून 1932 पर्यंत तिथला कारभार मुंबईच्या हाताखाली चालला. व्यवहार रुपयात होत, पलटणी इथून जात आणि तिथला रेसिडेंट आपले खलिते मुंबई सरकारला धाडी. एडनमागच्या डोंगराळ मुलखात तुर्क आणि इंग्रज यांच्यात तीसेक वर्षे हद्दीचा जो झगडा चालला, त्याचे कागदही याच वाटेने गेले. म्हणून येमेनच्या त्या सीमेची कहाणी मराठी वाचकाने परक्याची म्हणून बाजूला सारू नये.

ही कहाणी बहुतेक वेळा दोन साम्राज्यांची म्हणून सांगितली जाते. एका बाजूला इस्तंबूलचा सुलतान, दुसऱ्या बाजूला लंडनचे परराष्ट्र खाते. मधले शेख, अमीर आणि छोटे सुलतान येतात ते तनखा घेणारे आणि घडोघडी बाजू बदलणारे बेभरवशाचे लोक म्हणून. ही मांडणी त्या माणसांवर अन्याय करते. त्या डोंगरात खरी मुत्सद्देगिरी कोणी केली असेल, तर ती या टोळीप्रमुखांनी. त्यांच्याजवळ ना आरमार होते ना तारायंत्र. दोन बलाढ्य शेजाऱ्यांना एकमेकांचा धाक दाखवत आपली वाट, आपली जकात आणि आपली गादी राखायची, एवढेच त्यांच्या हाती होते. विजापूर आणि मोगल या दोन्हींकडून कौल घेऊन वतन सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या देशमुखांना जो न्याय लावतो, तोच एडनमागच्या डोंगरातल्या धालाच्या अमिराला लावायला हवा.

एडन इंग्रजांकडे आले ते 19 जानेवारी 1839 रोजी. भारतीय आरमारातला कॅप्टन हेन्स याने लाहेजच्या सुलतानाकडून ते बंदर तोफांच्या बळावर घेतले आणि त्याच वर्षी सुलतानाला सालिना साडेसहा हजार डॉलर देण्याचा करार केला. हे डॉलर म्हणजे मारिया थेरेसा राणीची चांदीची नाणी. त्या डोंगरात दुसऱ्या नाण्याला फारसे कोणी विचारत नसे. पुढचे सगळे राजकारण याच साच्यातून निघाले. तनखा, बंदुका, दारूगोळा, तोफांची सलामी, एडनला आल्यावर पाहुणचार. आणि बदल्यात व्यापाराच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. हेन्सच्या वाट्याला मात्र काय आले, तेही सांगायला हवे. पंधरा वर्षे एडन सांभाळल्यावर त्याच्या हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, तरी सरकारी देण्यापायी त्याला मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षे डांबले गेले. 1860 मध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच तो वारला.

सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि तांबड्या समुद्राचे मोल एकदम वाढले. 1872 मध्ये तुर्कांनी येमेनची राजधानी साना पुन्हा जिंकली. तिथून त्यांचे अधिकारी दक्षिणेकडे सरकू लागले आणि धालाच्या अमिराकडे, हौशबींच्या सुलतानाकडे त्यांनी ताबेदारी मागितली. 1873 मध्ये प्रकरण लाहेजपर्यंत आले, तेव्हा एडनहून फौज निघाली आणि वर्षअखेर तुर्क मागे गेले. याच वेळी इंग्रजांनी तुर्की दरबाराला नऊ टोळ्यांची नावे कळवली: अब्दली, फदली, अक्रबी, हौशबी, अमिरी, अलवी, याफई, सुबैही आणि औलकी. यांच्यात तुम्ही लुडबूड करायची नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्या तीस वर्षांच्या वादाचे मूळ या यादीत आहे. कारण नावे टोळ्यांची होती, जमिनीची नव्हती. अमिरी किंवा याफई टोळीचा मुलूख नेमका कुठे संपतो, हे त्या यादीत कुठेच नव्हते.

तिथल्या माणसांना तशी गरजही वाटत नसे. कोणती वाट कोणाची, कोणत्या घाटात कारवानाकडून जकात कोण घेणार, कोणत्या पाण्यावर कोणाची गुरे येणार, हे पक्के ठरलेले असे. यातले काही हक्क एकमेकांवर चढलेले असत. एकाच रस्त्यावर अमीरही जकात मागे आणि त्याच्या नावाखाली मोडणारा कुतैबींचा शेखही मागे. नकाशावर रेघ मारायला बसलेल्या माणसाला हे गोंधळाचे वाटते. त्या रस्त्याने कॉफी आणि कातडी नेणाऱ्यांना त्यातला प्रत्येक पैसा माहीत होता.

1886 पासून इंग्रजांनी एकेका प्रमुखाशी संरक्षणाचे तह करायला सुरुवात केली. त्यातले मुख्य कलम सारखेच: ब्रिटिश सरकारच्या संमतीवाचून आपली जमीन कोणाला द्यायची नाही आणि परक्या सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही. ज्याचे घर सीमेवर आहे त्याने शेजाऱ्याला पत्रही लिहू नये, अशी ती अट. मुत्सद्देगिरीचा हक्क विकत घेण्याचा तो व्यवहार होता, आणि काही प्रमुखांनी तो करून पुन्हा आपल्या मार्गाने तुर्कांशी बोलणी चालू ठेवली. एडनच्या अधिकाऱ्यांनी याला दगा म्हटले. शेजारी बदलता येत नाही हे ओळखणारा माणूस दुसरे काय करणार?

ठिणगी 1901 मध्ये पडली. मावियाचा शेख मुहम्मद नासिर मुक्बिल हा तुर्कांचा माणूस. त्याने हौशबींच्या मुलखात, दरेजा इथे, गढी उभारली. जुलैच्या उन्हाळ्यात एडनहून फौज गेली आणि ती गढी पाडण्यात आली. दोन साम्राज्ये एका शेखाच्या गढीवरून समोरासमोर आली होती. शेवटी संयुक्त सीमा आयोग नेमायचे ठरले आणि 1902 च्या सुरुवातीला तो धालाला पोहोचला. इंग्रजांच्या बाजूने कर्नल वहाब होता, मोजणीत मुरलेला इंजिनिअर. त्याच्या जोडीला इस्तंबूलच्या वकिलातीतला दुभाष्या फिट्झमॉरिस. तुर्कांकडून कर्नल मुस्तफा रेमझी बे.

काम महिनोन्‌महिने पुढे सरकेना. तुर्की तुकड्या धालाजवळच्या जलीला इथे ठाण मांडून होत्या. जिहाफ डोंगर आपला म्हणत होत्या. रेसिडेंट मुंबईला लिही, मुंबई कलकत्त्याला किंवा सिमल्याला, तिथून लंडन, लंडनहून इस्तंबूलची वकिलात, मग तुर्की दरबार आणि शेवटी सानाचा वाली, म्हणजे तिथला तुर्की सुभेदार. एका डोंगराच्या मालकीचा सवाल अर्ध्या जगाला वळसा घालून परत त्याच डोंगराच्या पायथ्याशी येत असे. व्हाइसरॉय कर्झन कडक धोरणाचा, तर लंडनला तुर्कांशी तुटू द्यायचे नव्हते. अखेर एडनहून जास्तीची फौज धालाला गेली, इस्तंबूलवर दडपण आले आणि मार्च 1903 मध्ये तुर्कांनी जलीला सोडले.

या साऱ्या काळात टोळीप्रमुखांना कोणी विचारले नाही असे नाही. उलट सतत विचारले. हे गाव कोणाला धान्याचा हिस्सा देते, ही जकात कोण घेतो, तुझ्या आजाचा शब्द इथे चालत होता का? त्यांच्या साक्षींवर दोन्ही बाजूंचे दावे उभे राहिले. त्याच सुमारास, 1903 मध्ये, वरच्या याफाच्या शेखांशी घाईने तह करण्यात आले, कारण तहाचा कागद हातात असला की आयोगापुढे दावा पक्का होई. या याफईंची ओळख दख्खनला जुनी आहे. मुकल्ल्याचे कुऐती सुलतान मूळ याफाचेच, आणि त्या घराण्याचा उदय हैदराबादेत निजामाच्या अरब फौजेच्या जमादारीतून झाला. दक्षिण अरबस्तानातून येणाऱ्या अशाच शिपायांची शिबंदी मराठी सरदारांच्या पदरीही असे. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांशी लढवला तो अरबांनीच.

साक्ष घेतली, संमती मात्र कधी मागितली नाही. फरक काय पडला ते कुतैबींच्या बाबतीत दिसले. धालाची वाट सुरक्षित करायची म्हणून एडनच्या सरकारने अमीर शाइफ बिन सैफ याचा हात उचलून धरला आणि कुतैबींचा जकातीचा दावा मोडीत काढला. त्यांनी चौक्यांवर गोळीबार केला, तेव्हा 1903 मध्ये त्यांच्यावर फौज गेली आणि गावे उद्ध्वस्त झाली. तुर्कांशी जुळवून घेण्यासाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या सरकारला एका टोळीच्या जकातीवर तडजोड करायला सवड नव्हती.

20 एप्रिल 1905 रोजी हद्दीच्या कागदावर सह्या झाल्या. त्याच महिन्यात येमेनच्या डोंगरातला धर्मप्रमुख इमाम याह्या याच्या बंडखोरांनी साना तुर्कांकडून हिसकावले होते. राजधानी हातून गेलेले सरकार दूर दक्षिणेतल्या हद्दीवर सह्या करत होते. बाब-अल-मंदेबपासून बाना नदीपर्यंतची हद्द निदान पायी हिंडून ठरवलेली होती. त्यापुढे 45 अंशाच्या कोनात ईशान्येकडे वाळवंटात एक सरळ रेघ ओढून विषय मिटवला. मार्च 1914 मध्ये या हद्दीचा रीतसर करार झाला, जूनमध्ये मंजुरी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये हीच दोन साम्राज्ये एकमेकांशी लढू लागली.

संरक्षणाचे पुढे काय झाले? भारतमंत्री मॉर्ले यांना डोंगरातला खर्च आणि गुंतागुंत नको होती. 1907 मध्ये धालाचा ब्रिटिश अधिकारी आणि त्याची फौज परत बोलावली गेली. अमीर आपल्या तहासकट मागे राहिला. 1915 च्या जुलैमध्ये अली सईद पाशा तुर्की फौज घेऊन लाहेजवर आला, तेव्हा एडनहून आलेली मदत अपुरी ठरली. रात्रीच्या गोंधळात लाहेजचा सुलतान अली बिन अहमद इंग्रजांच्याच बाजूच्या गोळीने जखमी झाला आणि मरण पावला. तुर्क 1918 पर्यंत लाहेजात राहिले. टोळीप्रमुखांनी दोन्ही दारे उघडी का ठेवली होती, याचे उत्तर या दोन प्रसंगांत आहे.

तुर्क गेल्यावर इमाम याह्याने ती हद्द मानायला नकार दिला; परक्यांनी परक्यांशी केलेला करार आपल्याला बांधत नाही, ही त्याची भूमिका. 1920 च्या सुमारास त्याची माणसे धालात शिरली आणि 1928 मध्ये ब्रिटिश विमानांच्या बाँबफेकीनंतर बाहेर पडली. 1934 च्या तहाने चाळीस वर्षांपुरती जैसे थे स्थिती ठरली. ती चाळीस वर्षे भरलीही नाहीत. 14 ऑक्टोबर 1963 रोजी रदफानच्या डोंगरात ज्या चकमकीने दक्षिण येमेनचा स्वातंत्र्यलढा सुरू झाला, तिचा नेता राजिह लबूझा हा कुतैबी होता. 1905 ची हद्द पुढे दोन येमेन देशांची सीमा बनली, 1990 मध्ये एकीकरणाने पुसली गेली आणि 2015 नंतरच्या युद्धात धालाच्या आसपास पुन्हा मोर्चे लागले.

या कारभाराचा मोठा दफ्तरखाना मुंबईत, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या बाडांत एडनचे खंडच्या खंड आहेत. येमेनच्या संशोधकाला आज स्वतःच्या देशात बसून शांतपणे काम करणे कठीण झाले आहे. त्याच्या मुलखाच्या वाटा, जकाती आणि तह यांचे पुरावे आपल्याकडे आहेत, तर ते छायांकित करून जगासाठी खुले करण्याची जबाबदारी महाराष्ट्र सरकारची आहे. मुंबई आणि मराठवाडा विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी अरबी जाणणारा एखादा अभ्यासक जोडीला घेऊन एडनचे खंड आधी हाती घ्यावेत, आणि त्यातही सुरुवात शेख-अमिरांच्या अर्जांपासून आणि पत्रांपासून करावी. रेसिडेंटचे म्हणणे छापील ग्रंथांत आलेच आहे. अमीर शाइफचे आणि कुतैबींचे यायचे आहे.