मालकाची दुसरी वही

व्यापाऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला एक वाक्य पाठ झालंय. गल्ल्यात मोठं भगदाड पडल्याचं कळलं की शेठ येतात, घटाघटा पाणी पितात आणि म्हणतात, "अहो, घरच्यासारखा होता हो तो!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरच्यासारखा होता म्हणजे काय होतं? त्या हिशेबनिसाला पगार बाजारात मिळतो त्याहून कमी होता. गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं, ते वहीत लिहिणं, बँकेत भरणं आणि महिनाअखेर बँकेचा उतारा जुळवणं ही चारही कामं त्याच्या एकट्याकडे होती. शिवाय तुम्ही देवदर्शनाला जाताना सह्या करून ठेवलेले कोरे चेक त्याच्याच खणात. याला तुम्ही विश्वास म्हणता. मला यात आळस दिसतो, आणि दुसऱ्या माणसाचा पगार वाचवणारी कंजुषी.

"इतक्या वर्षांत एक रजा नाही घेतली पठ्ठ्यानं," हे तर अभिमानानं सांगतात. घेईल कशी? एका गिऱ्हाइकाची वसुली खिशात घातली की त्याचं खातं दुसऱ्याच्या पैशांनी भरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. याची टोपी त्याला. हा खेळ रोजच्या रोज सांभाळावा लागतो. आठ दिवस त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, तर "मी पैसे मागेच दिलेत" असं सांगणारा फोन त्या दुसऱ्याच्या कानावर पडेल. म्हणून पठ्ठ्या तापातही हजर, आणि दिवाळीला तुमच्याकडून चांदीचं नाणं. पंजाब नॅशनल बँकेचा हजारो कोटींचा घोटाळा २०१८ मध्ये फुटला तोही असाच. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला अधिकारी निवृत्त झाला, आणि नव्या माणसानं बँकेचं हमीपत्र मागायला आलेल्यांना आधी पूर्ण रक्कम जमा करा म्हटलं.

चोरी उघडकीला आली की शेठ काय करतात? कॅमेरे बसवतात. गल्ल्यातून नोट उचलतो तो नवशिका. जाणता माणूस झालेलं बिल रद्द करतो, विकलेला माल परत आल्याचं दाखवतो, न आलेल्या मालाचं बिल मंजूर करतो, भंगार बिनपावतीचं विकतो, काउंटरवर स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड ठेवतो. कॅमेऱ्यात दिसतो तो मान खाली घालून इमानेइतबारे काम करणारा नोकर.

पण दुकानातल्या पोऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. अशा प्रकरणांचा जगभर अभ्यास करणाऱ्या असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी खबर दिल्यामुळे बाहेर आली, आणि त्यातल्या अर्ध्याहून अधिक खबरी नोकरांच्याच होत्या. आपल्याकडे पोऱ्या खबर देतो कुणाला? मुनीमजींना, म्हणजे त्याच हिशेबनिसाला. कारण शेठशी थेट बोलायची त्याची प्राज्ञा नाही.

आता दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. नोकरानं धन्याच्या पैशांचा अपहार केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा भक्कम आहे. तरी माझ्यासमोर बसलेले बहुतेक शेठ पोलिसांत जात नाहीत. का? कारण चोरीला गेलेले पैसे कागदोपत्री कधी नव्हतेच! ते कच्च्या बिलाचे होते. फौजदार पहिलं विचारणार, वही दाखवा. कुठली दाखवणार? लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवता ती, की कपाटात ठेवता ती?

ही दुसरी वही त्या हिशेबनिसाला कुणी शिकवली? तुम्हीच. 'हे यात लिहू नको, ते त्यात लिही' असं त्याला रोज सांगितलंत. सरकारला फसवणं म्हणजे व्यवहारचातुर्य, हा धडा त्यानं मन लावून घेतला, आणि धन्याला फसवणं त्याच धड्याचा पुढचा भाग निघाला. तो हात घालतो तो नेमका बिनहिशेबी पैशात. तिथं तुम्ही बोंब मारू शकत नाही हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं. हिशेबात केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर कंपन्यांना २०२३ च्या एप्रिलपासून सक्तीचं आहे. तुमच्या मालकीच्या दुकानाला सक्ती नाही, पण ते घ्या, असं मी सुचवलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, मग आपल्यालाच अडचण होईल ना!"

हेच शेठ पेपर वाचून बँकांना नावं ठेवतात. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेची रोकड २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत मोजली गेली, तेव्हा १२२ कोटींची तूट निघाली. "मोजत नव्हते का मूर्ख?" असं मलाच विचारतात. शेठ, तुम्ही गोदामातला माल शेवटचा कधी मोजलात?

उपाय साधे आहेत, म्हणून कुणी करत नाही. पैसे घेणारा हात आणि वही लिहिणारा हात वेगळे ठेवा. बँकेचे मेसेज आणि ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्यात. वर्षातून आठ दिवस हिशेबनिसाला सक्तीनं रजा द्या आणि त्या दिवसांत उधारीच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून बाकी विचारा. न सांगता गोदामात जा, कुठलेही दहा जिन्नस मोजा. गल्ल्यावर मेहुणा बसत असेल तर हे सगळं दुप्पट काटेकोरपणे करा. नोकराला निदान काढता येतं.

पण दुसरी वही चालू ठेवून यातलं काहीही केलंत तर ते फुकट आहे. ही मसलत मी फी घेऊन देतो, तरी दर मार्चमध्ये मला प्रश्न एकच येतो, "यंदा कर किती वाचेल?" आता सरळच सांगतो. जेवढं सरकारपासून लपवाल, तेवढ्यावर पहिला हक्क तुमच्या हिशेबनिसाचा.