शेगडीच्या आठवणी पुरे, आधी खिडकी उघडा

ग्वाल्हेरच्या थंडीवर दर डिसेंबरात इथे जे लिहिलं जातं ते मी आवडीने वाचतो. मोरेन्याची गजक, दुपारी बारापर्यंत न हटणारं धुकं, रजईतून हात बाहेर काढायचा आळस, आणि मधोमध शेगडी, भोवती आजी आणि आम्ही सगळी पोरं. लाइकही करतो. यंदा मात्र राहवत नाही म्हणून लिहितोय, आणि जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या.

झालं असं, की एका मुलीने साधा प्रश्न विचारला. ती पुण्याला असते, आई-बाबा लष्करात एकटे. मावठ्याचा अंदाज आहे, रात्रभर लाईट गेली तर त्यांनी काय करावं? खाली उत्तरांची रांग लागली. शेगडी पेटवा. कोळशाची शेगडी खोलीत ठेवा, दार लावून घ्या, हीटर झक मारतो. एका काकांनी तर लिहिलं, "आम्ही काय इन्व्हर्टरवर वाढलो? आम्ही मेलो का?"

काका, जे मेले ते इथे उत्तर लिहायला येत नाहीत.

गोवा-बेळगावच्या मंडळींसाठी सांगतो, मावठा म्हणजे आमच्याकडचा हिवाळी पाऊस. वायव्येकडून ढग येतात, वारा सुटतो, कधी गारा पडतात, फांद्या तारांवर कोसळतात. ढग निघून गेले की आभाळ लख्ख आणि पारा ३-४ अंशांवर. म्हणजे लाईट जाते नेमकी तेव्हा, जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते.

अशाच एका जानेवारीत माझ्या आत्याच्या बिल्डिंगची लाईट संध्याकाळी सातला गेली. तक्रारीचा नंबर लागेना. आत्या ७८ वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. तिने माळ्यावरची जुनी शेगडी काढली, लाकडी कोळसा गॅलरीत फुलवला, धूर गेल्यावर शेगडी पलंगाजवळ आणली. सरकत्या खिडक्या घट्ट लावल्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. नऊ वाजता मी फोन केला तर म्हणाली, "डोकं जड झालंय रे, मळमळतंय." मी हसलो. म्हटलं, गजक जास्त झाली असेल, झोप आता. साडेदहाला फोन उचलला नाही, तेव्हा मोबाईलची बॅटरी संपली असेल असं मीच माझं समाधान करून घेतलं.

समोरच्या वहिनी मेणबत्ती मागायला गेल्या, दार उघडेना. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती म्हणून आत्या वाचली. तीन दिवस दवाखान्यात, ऑक्सिजनवर. आजही मधूनच माझ्या मुलाचं नाव विसरते. वयाने असेल, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

ती जुन्या पद्धतीने वागली, मग असं का झालं? कारण पद्धत जुनी होती, खोली नवी होती. आमच्या वाड्यातल्या दाराखालून मांजर जायची. छताशी रोशनदान होतं, खिडकीची फळी नीट लागतच नसे, आणि समोर उघडा चौक. एसी बसवताना आपण रोशनदानं बुजवली, अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. वाऱ्याला आत यायला जागाच ठेवली नाही, आणि शेगडी मात्र तीच.

"धूर गेला की शेगडी आत आणावी" हे आजी सांगायची, आणि आपण ते शास्त्र समजून धरून बसलोय. धूर डोळ्यांना दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. लालबुंद, निर्धूर निखाऱ्यातूनही तो निघत राहतो. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी, आणि माणसाला वाटतं छान ऊब आली, झोप येतेय. बाळंतिणीच्या खोलीत कोणाचं डोकं धरलं की आमच्याकडे "बाधलं" म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत. काय बाधलं होतं ते आता कळतंय.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच आठवणीत येत नाही. निजायच्या आधी आजी शेगडी उचलून चौकात ठेवायची. रोज, न चुकता. आपण ऊब लक्षात ठेवली आणि ते उचलणं विसरलो.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला हिमवादळात ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. सरकारी मोजणीत २४६ मृत्यू. बरेचसे थंडीने, पण काही या वायूनेही. माझी भाची तेव्हा डॅलसला होती. शिकलेली, सवरलेली, आणि तिच्या शेजाऱ्याने बार्बेक्यूची ग्रिल दिवाणखान्यात आणून पेटवली होती. हिनेच आरडाओरडा करून ती बाहेर काढायला लावली.

मग करायचं काय? इन्व्हर्टरवाल्यांनीही फुशारून जाऊ नये. घरातली १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, आणि रूम हीटर एकटा २००० वॅटचा. त्यावर दिवे, फोन, वायफाय चालवा. खोली तापणार नाही. तयारी ऊन असताना करायची. अंदाज आला की त्याच दुपारी बॅटरीत पाणी बघा, फोन आणि पॉवर बँक भरा, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरा. थर्मासमध्ये उकळतं पाणी, गरम पाण्याच्या पिशव्या, कानटोपी, एका जाड स्वेटरऐवजी दोन-तीन पातळ थर. सगळ्यांनी एकाच खोलीत निजायचं. सुना लाजल्या तर लाजू द्यात. गॅसची शेगडी स्वयंपाकापुरती, ती पेटवून खोली तापवायची नाही. ज्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं त्यांनी भरलेला सिलिंडर आधीच घरी आणून ठेवावा, आणि कोणाकडे न्यायचं ते ठरवून ठेवावं.

आणि किल्ली. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची दुसरी किल्ली समोरच्या घरी हवी. यावर मला सगळ्यात जास्त विरोध होतो. "कोणावर विश्वास ठेवायचा?" १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली तेव्हापासून आपण या गावात आहोत, आणि समोरच्याकडे किल्ली द्यायला आपल्याला माणूस सापडत नाही? आत्याच्या समोरच्या वहिनी मराठी नाहीत, भिंडच्या आहेत.

त्या मुलीला मी वेगळा मेसेज केला. तिच्या वडिलांचा फोन आला, चिडलेले. म्हणाले, आमच्या घरात ६० वर्षं शेगडी आहे. मी विचारलं, रोशनदान आहे का? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गेल्या वर्षी बुजवलं.