झेंडे बदलले, मतदारसंघ कायम

पाली (रत्नागिरी) : मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते पाली हे गाव गेली दोन दशके कोकणच्या सत्ताकारणाचे एक केंद्र बनले आहे. याला कारण आहे या गावातील सामंत कुटुंब. उदय सामंत २००४ मध्ये वयाची तिशी गाठण्यापूर्वीच रत्नागिरीतून विधानसभेवर गेले आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून सलग पाचव्यांदा निवडून आले. या काळात त्यांच्या हातातील झेंडा मात्र एकच राहिला नाही.

पहिल्या दोन निवडणुका त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसच्या चिन्हावर जिंकल्या. २०१३ मध्ये ते राज्यमंत्री झाले. २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला. राज्यात सत्तांतर झाले, तरी रत्नागिरीचा आमदार बदलला नाही. २०१८ मध्ये म्हाडाचे अध्यक्षपद आणि २०१९ च्या अखेरीस उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात उच्च व तंत्रशिक्षण खाते त्यांच्याकडे आले. कोरोनाच्या काळात अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका राज्याने घेतली. परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला आणि त्या परीक्षा घ्याव्या लागल्या.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केले, तेव्हा सामंत प्रारंभी ठाकरे यांच्यासोबत दिसत होते. काही दिवसांतच ते गुवाहाटीला पोहोचले. ऑगस्टमध्ये उद्योग खात्याची सूत्रे हाती येऊन महिनाही उलटत नाही, तोच वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प गुजरातला गेला. विरोधकांनी नव्या सरकारला जबाबदार धरले, तर सामंत यांनी आधीच्या सरकारच्या दिरंगाईकडे बोट दाखविले. त्या आधीच्या सरकारात ते स्वतःही मंत्री होते, हा त्यातील विरोधाभास. पुढे जुलै २०२३ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतले.

पक्ष बदलूनही मतदार सोबत कसा राहतो? याचे उत्तर कोकणच्या राजकारणाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. एकेकाळी येथे समाजवादी विचारांचा पगडा होता. पुढे मुंबईतील चाकरमान्यांच्या मार्फत शिवसेना गावागावांत पोहोचली. आता विचारापेक्षा आणि संघटनेपेक्षाही, अडचणीला धावून येणाऱ्या आमदाराचा वैयक्तिक संपर्क अधिक वजनदार ठरू लागला आहे. २०२४ ची लढत या दृष्टीने बोलकी होती. भाजपच्या वतीने पूर्वी सामंतांशी लढलेले बाळ माने या वेळी ठाकरे गटाची मशाल घेऊन उभे होते. प्रतिस्पर्धी जुनेच, पक्ष मात्र दोघांचेही नवे. सामंत ४१ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. त्यांचे थोरले बंधू किरण सामंत यांनीही शेजारच्या राजापुरात राजन साळवी यांचा पराभव केला.

या यशाची खरी कसोटी राजापुरातच आहे. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प स्थानिकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये गुंडाळावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये बारसू येथे माती परीक्षणाला ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला, तेव्हा उद्योगमंत्री याच जिल्ह्याचे होते. आंबा, काजू आणि मासेमारीवर जगणाऱ्याला जमीन व समुद्र गमावण्याची धास्ती आहे. दुसरीकडे, शिकलेल्या मुलाला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते, हे दुःखही तितकेच खरे. या दोन्ही भावना बहुधा एकाच घरात नांदतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ समर्थक आणि विरोधक अशा मोजपट्टीने सुटणारा नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सामंत यांच्याकडे उद्योग खाते पुन्हा आले आणि मराठी भाषा खात्याचीही त्यात भर पडली. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे राज्याने सुमारे १५ लाख ७० हजार कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. मात्र करार म्हणजे कारखाना नव्हे, हे तळेगावने अनुभवले आहे. पाच निवडणुका जिंकण्याची हातोटी सामंत यांनी सिद्ध केली आहे. कोकणच्या मातीला आणि माणसाला मानवेल असा रोजगार रत्नागिरीत उभा राहतो काय, यावरच या दीर्घ कारकिर्दीचे मोल ठरेल.