कोच काढा म्हणे!

१८ नोव्हेंबर २०२५. ढाका. बांगलादेश १, भारत ०. बांगलादेशने आपल्याला फुटबॉलमध्ये हरवलं ते तब्बल बावीस वर्षांनी. मॅच संपून पाच मिनिटंही झाली नसतील, आमच्या ऑफिसातल्या फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपवर एकच घोषणा सुरू झाली. एरवी हे लोक मँचेस्टर आणि लिव्हरपूलवरून एकमेकांच्या उरावर बसतात (महिनाभर एकमेकांशी न बोललेले दोघे माझ्याच टीममध्ये आहेत), पण त्या रात्री सगळ्यांचं एकमत. खालिद जमीलला काढा.

अरे, काढा काय काढा? माणूस येऊन साडेतीन महिने झाले होते. आमच्याकडे नवीन भरती झालेल्या पोराचं प्रोबेशनसुद्धा सहा महिन्यांचं असतं!

मला राग हरण्याचा नाही. म्हणजे आहेच, पण त्याची आता सवय झालीये. मला राग या घोषणेचा आहे. कारण "कोच काढा" ही दिल्लीतल्या फुटबॉल हाऊसची सगळ्यात लाडकी घोषणा आहे. आपण ओरडायचं, त्यांनी चार दिवस गंभीर चेहरा करायचा, मग कोचला नारळ द्यायचा आणि प्रेस नोट काढायची. पब्लिक खूश. खुर्च्यांवरची माणसं तिथेच.

आता थोडा इतिहास बघू. फार जुना नाही, घाबरू नका.

२०२३ चा जुलै आठवतो? इगोर स्टिमॅच कोच होता. जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० ने हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, जुलैत बंगळूरला कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ. फिफा रँकिंग ९९! दोन आकडी! फेडरेशनने त्या ऑक्टोबरात स्टिमॅचचा करार थेट जून २०२६ पर्यंत वाढवला. पुढे काय झालं? जानेवारी २०२४ च्या आशिया कपात तीन मॅच, तीन पराभव, गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये कतारकडून १-२ (चेंडू लाइनच्या बाहेर गेलेला असताना दिलेला तो गोल मी मेलो तरी विसरणार नाही), आणि वर्ल्डकप पात्रतेतून बाहेर. आठवड्याच्या आत स्टिमॅचची हकालपट्टी. पण करार दोन वर्षांचा शिल्लक! त्याने फिफाकडे जायची धमकी दिली आणि शेवटी चार लाख डॉलरवर तोडपाणी झालं. तीन कोटींच्या वर रक्कम. करार वाढवायची घाई करणाऱ्या कोणाच्या खिशातून यातला एक रुपया तरी गेला का? छे!

स्टिमॅच काही साधुपुरुष नव्हता. टचलाइनवरून पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला चेंडू काढून घेऊन रेड कार्ड खाणारा माणूस तो. २०२२ च्या पात्रता सामन्यांआधी तो खेळाडूंची नावं एका ज्योतिषाला पाठवत होता, असं इंडियन एक्स्प्रेसने २०२३ च्या सप्टेंबरात छापलं. आणि ज्योतिषाशी त्याची गाठ कोणी घालून दिली? त्याच बातमीप्रमाणे, फेडरेशनच्या तेव्हाच्या सरचिटणीसांनी. म्हणजे इथेही कोच एकटा नव्हताच.

त्याच महिन्यातली हांगझोची गोष्ट घ्या. एशियन गेम्स. आयएसएल सुरू होणार म्हणून क्लब खेळाडू सोडायला तयार नाहीत. शेवटच्या क्षणापर्यंत यादीची काटाकाटी. टीम आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरली आणि दुसऱ्या दिवशी यजमान चीनशी खेळली. १-५. आमच्यातला एखादा ऑनसाइटला गेला तर जेटलॅगसाठी एक दिवस मिळतो हो, आणि त्याला तिथे जाऊन फक्त लॅपटॉप उघडायचा असतो. गेम्सच्या तारखा काय आदल्या आठवड्यात कळल्या होत्या? लीगचं आणि राष्ट्रीय संघाचं कॅलेंडर एकत्र बसून जुळवणं हे कोणाचं काम? कोचचं नक्कीच नाही.

मग आला मानोलो मार्केझ. माणूस सज्जन, आयएसएलमध्ये नाव कमावलेला. पण फेडरेशनने काय शक्कल लढवली? तो एफसी गोवाचाही कोच राहील आणि भारताचाही! आयटीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. दोन प्रोजेक्ट, पन्नास-पन्नास टक्के अलोकेशन, आणि दोन्हीकडचे क्लायंट म्हणतात की आमचं काम आधी. अशा माणसाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, काहींनी भोगलंय. २०२४-२५ चा अख्खा मोसम हे असंच चाललं. मे २०२५ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला, आणि भारताने आठ मॅचपैकी जिंकली फक्त एक, तीही मालदीवशी. जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१. जुलैत परस्पर संमतीने फारकत. एका कोचचा पगार वाचवायला गेलो आणि पात्रता फेरीचे पहिले दोन सामने घालवून बसलो.

यानंतरचा भाग तर खास आपल्यासारख्यांसाठी आहे. नव्या कोचसाठी अर्ज मागवले, १७० आले. बातमी फुटली की त्यात बार्सिलोनाचा झावीसुद्धा आहे! फेडरेशनमधूनच दुजोरा मिळाला, आणि झावी परवडणार नाही म्हणून त्याचं नाव बाजूला ठेवल्याचं कळलं. जगभर बातमी. दोन दिवसांनी फेडरेशनने खुलासा केला की झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले मेल खरे नव्हते. कोणीतरी फिरकी घेतली होती. मंडळी, आमच्याकडे "तुमचा पासवर्ड आज संपतोय" असल्या खोट्या मेलवर क्लिक केलं तर दोन तासांचं सक्तीचं ट्रेनिंग लावतात :-)

तर अशा प्रकारे १ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील आला. सावियो मेडेरानंतर तब्बल तेरा वर्षांनी पूर्णवेळ भारतीय कोच. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आयलीग जिंकून देणारा माणूस. महिन्याभरात त्याने काफा नेशन्स कपात ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. आपले ग्रुपवाले तेव्हा "खालिद भाई जिंदाबाद" करत होते. मग ऑक्टोबरात सिंगापूरशी तिकडे १-१, आणि मडगावला फातोर्ड्यात आघाडी घेऊन १-२. आशिया कप २०२७ चं दार तिथेच बंद झालं. ढाका नंतरचं. पाच सामने, दोन गुण, दोन गोल. रँकिंग घसरत घसरत १४२.

पण या काळात खालिदच्या हातात होतं काय, हे कोणी विचारलंच नाही. त्याच्या खेळाडूंना लीगच नव्हती!

हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोम इथे आहे. फेडरेशनने डिसेंबर २०१० मध्ये भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना विकले. त्यातून पुढे आयएसएल आली. २०१० अधिक १५ म्हणजे डिसेंबर २०२५, हे गणित चौथीतलं पोरगं करेल. तरीही नवा करार झालाच नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने पुढचा मोसम थांबवला. ऑगस्टमध्ये बंगळूरसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार रोखले. फेडरेशनने टेंडर काढलं, नोव्हेंबरात मुदत संपली आणि बोली आल्या शून्य. एवढ्या मोठ्या देशाची पहिल्या दर्जाची लीग, आणि घ्यायला कोणी नाही! जानेवारीत खेळाडूंनी व्हिडिओ काढून थेट फिफाला साकडं घातलं. लीग सुरू व्हायला २०२६ चा फेब्रुवारी उजाडला, तीही कापून लहान केलेली.

फेडरेशनचे वकील म्हणतील की आमचे हात सुप्रीम कोर्टाने बांधले होते, घटनेचा निकाल लागेपर्यंत नवा करार करायचा नव्हता. बरोबर आहे. पण प्रकरण कोर्टात लोंबकळत का पडलं? आपले गोंदियाचे प्रफुल्ल पटेल अध्यक्षपदाची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपल्यावरही खुर्चीवरच होते, निवडणूक काही होईना. मे २०२२ मध्ये कोर्टाने त्यांना हटवून प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारतावर बंदी घातली, ती अकरा-बारा दिवसांत उठली. मग सप्टेंबरात निवडणूक. एका बाजूला बायचुंग भुतिया, ज्याने भारतासाठी खेळण्यात आयुष्य घातलं. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, तेही माजी गोलकीपर, पण सोबत राजकारणाचं पाठबळ. निकाल ३३-१. भुतियाला एक मत! हे मतदार कोण? राज्य संघटनांचे प्रतिनिधी. तुम्ही-आम्ही तिकीट काढणारे नाही, खेळाडू नाहीत, क्लबही नाहीत. कोणत्याही कोचपेक्षा या तेहतीस मतांनी आपलं जास्त नुकसान केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि गोल का होत नाहीत, याचंही उत्तर कोचच्या वहीत सापडणार नाही. आयएसएलच्या पहिल्या अकरा मोसमांत गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. क्लबला जिंकायचं असतं, म्हणून पुढे परदेशी स्ट्रायकर उभा करतात. आपली पोरं विंगवर पळतात किंवा बेंचवर बसतात. मग राष्ट्रीय संघात आल्यावर त्यांनी अचानक बॉक्समध्ये उभं राहून गोल मारायचे? वर्षभर ज्याला टेस्टिंगला बसवलंय त्याला रिलीजच्या रात्री डेटाबेस सोपवण्यासारखं झालं हे. २०२४-२५ च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे? सुनील छेत्रीचे, चौदा. वय चाळीस. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं, आणि त्याने येऊन लगेच गोलही केला. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

कोणी म्हणेल, मग कोचची काहीच चूक नाही? आहे ना. फातोर्ड्यात आघाडी घेतल्यावर आपण मागे सरकून बसलो, त्याचा जाब खालिदला विचारायलाच हवा. स्टिमॅचला तर पाच वर्षं मिळाली होती. पण जाब विचारायची रांग असते, आणि त्या रांगेत कोच पहिला नाही.

उरलो आपण, फॅन. आपलं कर्तव्य आपण केलंय. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या स्टेडियमवर तैवानविरुद्ध जेमतेम अडीच हजार माणसं होती. छेत्रीने व्हिडिओ काढून हात जोडले, शिव्या द्यायच्या तर स्टेडियममध्ये येऊन द्या म्हणाला. पुढच्या केनियाच्या मॅचला मी पुण्याहून गेलो. मुंबईचा पाऊस, मैदानात तळं, आणि खुर्ची रिकामी नाही. ३-० जिंकलो. घसा बसला तो तीन दिवस. तेव्हा फुटबॉलला प्रेक्षक नाही वगैरे मला कोणी सांगू नये. कोल्हापूरला जाऊन बघा एकदा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अख्ख्या पेठा ओस पडतात. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला.

आणि आमच्या पुण्यात काय झालं? २०१५ मध्ये पुणे एफसी बंद. त्याच वर्षी भारत एफसी बंद, एकच मोसम खेळून. २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्स बंद. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद. पाच वर्षांत चार क्लब! मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच गेला, मुंबई एफसी २०१७ मध्ये. गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये आयलीगमधून बाहेर पडले, रोडमॅपचा निषेध करून. यातला एकही क्लब कोचमुळे बंद पडला नाही. बालेवाडीत पुणे सिटीच्या मॅचला मी घातलेली भगवी जर्सी आता गाडी पुसायला वापरतो, कारण कपाटात ठेवून करायचं काय?

तेव्हा ग्रुपवरच्या दोस्तांनो, पुढच्या होम मॅचला बोर्ड घेऊन जाणार असाल तर मी येतो, तिकिटं मी काढतो. पण बोर्डावर खालिदचं नाव नको. करार १५ वर्षांत संपणार हे २०१० पासून माहीत असताना पंधरा वर्षं काय करत होतात, एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. रंग आणि ब्रश माझ्याकडे आहेत.